ओठावर त्याच जागी पुन्हा काळा चट्टा: औषधाची रिअ‍ॅक्शन ओळखायची कशी, कळवायची कुठं?

साखरपेठ_मेडिकल यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या किरकोळ औषध दुकानात आलेली केस आहे. पुरुष, वय ४२, यंत्रमागावर कामाला. जुलाब लागले म्हणून दुसऱ्या एका दुकानातून चिठ्ठीशिवाय सुट्ट्या गोळ्या घेतल्या: ऑफ्लॉक्सासिन २०० मिग्रॅ + ऑर्निडाझोल ५०० मिग्रॅ, आणि अंगदुखीसाठी अ‍ॅसिक्लोफेनॅक १०० + पॅरासिटामॉल ३२५. बीपीची टेल्मिसार्टन ४० + हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ रोज चालू आहे.

सकाळी दोन्ही गोळ्या घेतल्या. दुपारपर्यंत खालच्या ओठावर आग, संध्याकाळी तिथं जांभळट-काळा गोल चट्टा. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी तसाच दुसरा. मागच्या वर्षी जुलाबाच्या गोळीनंतर बरोबर याच दोन जागी असंच झालं होतं म्हणतात. तेव्हा 'उष्णता' समजून सब्जा आणि गुलकंदावर भागवलं. जुना डाग फिका झाला, पण गेला नव्हता. आत्ता ताप नाही, डोळे लाल नाहीत, तोंडात आतून फोड नाहीत. त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलंय.

आता प्रश्न. दोष नेमका कोणत्या गोळीचा हे ठरवायचं कसं? फार्मासिस्टनं स्वतः रिपोर्ट केला तर चालतो का, आणि कुठं करायचा? नारांजो स्कोअर (त्रास औषधामुळेच झाला असण्याची शक्यता मोजणारी दहा प्रश्नांची पट्टी) काढून द्यावा लागतो का? आणि त्यांच्याकडे पट्टीचा कापलेला तुकडा आहे, त्यावर बॅच नंबरच नाही, मग रिपोर्टला काही अर्थ उरतो का?

---

त्वचा_ओपीडी:

वर्णन फिक्स्ड ड्रग इरप्शनचं आहे. औषध पोटात गेलं की दर वेळी त्याच जागी चट्टा उठतो, कारण पहिल्या वेळेनंतर त्या जागेच्या त्वचेत स्मृती असलेल्या टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशी) मुक्काम ठोकून बसतात. पुन्हा तेच औषध आलं की त्या तिथल्या तिथं जाग्या होतात. म्हणून पहिल्या खेपेला चट्टा यायला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात, आणि पुढच्या खेपेला अर्ध्या तासापासून सात-आठ तासांत येतो. सकाळी गोळी, दुपारी आग: वेळ अगदी जुळते. ओठ, हात-पाय आणि जननेंद्रिय या त्याच्या आवडत्या जागा. शेवटची जागा पेशंट दुकानात सांगत नाही, डॉक्टरलाही विचारल्याशिवाय सांगत नाही. विचारताना 'लघवीच्या जागी कधी असा डाग, जखम?' असं सरळ विचारावं. गुप्तरोग समजून भलतेच उपचार घेणारे खूप असतात.

नावाजलेले गुन्हेगार: को-ट्रायमॉक्साझोल, ऑर्निडाझोल-टिनिडाझोल-मेट्रोनिडाझोल हा गट, फ्लुओरोक्विनोलोन, टेट्रासायक्लिन, आणि पेनकिलर. पॅरासिटामॉलनंही होतं, कमी वेळा. थोडक्यात, तुमच्या पेशंटनं घेतलेल्या चारही घटकांवर संशय घेता येतो.

ओठावरचा चट्टा पुन्हा त्याच जागी येतो म्हटल्यावर नागीण, म्हणजे हर्पिस सिम्प्लेक्स, आधी आठवते. नागिणीत बारीक पाणीदार फोडांचा झुपका येतो, खपली धरते, आणि मागे असा गडद डाग सहसा राहत नाही. हातावरही त्याच वेळी दुसरा चट्टा असेल तर नागिणीची शक्यता आणखी मागे पडते.

काय करू नये ते महत्त्वाचं: 'एकेक गोळी खाऊन बघा कुठली लागते' हा सल्ला कुणीही देऊ नये. दर खेपेला चट्ट्यांची संख्या वाढू शकते, आणि क्वचित अंगभर फोड येणारा प्रकार होतो, तो गंभीर असतो. नेमकं औषध शोधायचंच असेल तर चट्टा शांत झाल्यावर काही आठवड्यांनी पॅच टेस्ट (औषध कातडीवर लावून पाहणं) करतात, तीही जुन्या डागावरच. पाठीच्या चांगल्या कातडीवर केली तर खोटी निगेटिव्ह येते, कारण त्या पेशी तिथं नसतातच. तोंडावाटे चाचणी फक्त हॉस्पिटलमध्ये, डोसच्या छोट्या हिश्श्यापासून.

---

एडीआर_डेस्क:

रिपोर्टबद्दल सांगतो. भारतात हे काम फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया, म्हणजे पीव्हीपीआय, हा औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणारा कार्यक्रम पाहतो. २०१० मध्ये दिल्लीच्या एम्सपासून सुरू झाला, २०११ पासून राष्ट्रीय समन्वय केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. तिथून माहिती जागतिक आरोग्य संघटनेच्या स्वीडनमधल्या उप्साला केंद्राच्या व्हिजिबेस या साठ्यात जाते.

डॉक्टर, दंतवैद्य, नर्स, फार्मासिस्ट, सगळे रिपोर्ट करू शकतात. पेशंट किंवा नातेवाईकही करू शकतात. त्यांच्यासाठी वेगळा, सोपा फॉर्म आहे आणि तो मराठीतही आहे. तुम्ही फार्मासिस्ट असल्यानं आरोग्य व्यावसायिकांचा 'सस्पेक्टेड एडीआर' (औषधाचा संशयित दुष्परिणाम) फॉर्म भरा. वाटा अशा: टोल-फ्री १८००-१८०-३०२४ (कामाच्या दिवशी, सकाळी ९ ते संध्याकाळी ५.३०), पीव्हीपीआयचं मोबाइल अ‍ॅप, एडीआरएमएस ही ऑनलाइन व्यवस्था, किंवा जवळचं एडीआर मॉनिटरिंग सेंटर. मेडिकल कॉलेजात हे काम सहसा फार्माकॉलॉजी विभागाकडे असतं. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या फार्माकॉलॉजी विभागात चौकशी करा, नाहीतर थेट हेल्पलाइन.

सक्तीचे रकाने मोजकेच: पेशंटची आद्याक्षरं, रिअ‍ॅक्शनच्या वेळचं वय, काय झालं, कधी सुरू झालं, संशयित औषध, आणि कळवणारा कोण. पूर्ण नाव लिहायचं नाही. बॅच नंबर या सक्तीच्या यादीत नाही, त्यामुळे तुकड्यावर नंबर नसला तरी रिपोर्ट बाद होत नाही. 'उपलब्ध नाही, सुट्टी विक्री' असं लिहा. तीसुद्धा माहितीच आहे.

पण रिपोर्टचा कस सक्तीच्या रकान्यांत नसतो, बाकीच्यांत असतो. 'गोळी घेतल्यावर डाग आला' एवढ्यावर कुणालाच काही ठरवता येत नाही. असं लिहा: अमुक तारखेला सकाळी ८ वाजता पहिला डोस, दुपारी १ ला खालच्या ओठावर जळजळ, ६ पर्यंत साधारण दीड सेंटिमीटरचा गोल चट्टा, मागच्या वर्षी त्याच जागी. वेळा पेशंटला विचारून घ्या, माझ्या या आकड्यांवरून टिपू नका! घड्याळ आठवत नसेल तर 'पाळी सुटायच्या आधी की नंतर' असं विचारा, मागावरच्या माणसाला ते बरोबर सांगता येतं.

संयुक्त गोळी एकच उत्पादन म्हणून लिहा, पण दोन्ही घटक मिलिग्रॅमसह. फक्त ब्रँड नाव लिहिलं की घोटाळा होतो, कारण जवळपास सारख्या नावाच्या गोळ्यांत आत भलतंच असतं. चालू असलेली बीपीची गोळी 'सोबतची औषधं' मध्ये जाईल, संशयितांत नाही. काढा, चूर्ण, आयुर्वेदिक गोळ्या, घरचं काही, तेही तिथंच. 'औषध चालू आहे का' विचारलं की लोक फक्त डॉक्टरनं दिलेलं सांगतात, म्हणून हे वेगळं विचारावं लागतं.

कंपनीच्या नावाची धास्ती नको. रिपोर्ट म्हणजे आरोप नाही, दोष कबूल करणंही नाही, आणि माहिती गोपनीय ठेवतात. संशय पुरेसा आहे. सिद्ध करणं तुमचं काम नाही.

एक फरक लक्षात ठेवा: गोळीचा रंग बदललाय, बुरशी आहे, बनावट वाटते, तर तो विषय अन्न व औषध प्रशासनाचा, नमुना आणि बिल जपून ठेवा. लस दिल्यानंतरचा त्रास आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे जातो.

---

साखरपेठ_मेडिकल:

मनापासून आभार. पुन्हा गाठून विचारलं. मागच्या वर्षी फक्त जुलाबाची गोळी घेतली होती, तीच संयुक्त. जुनी पट्टी घरात सापडली. पेनकिलर तेव्हा नव्हती. मधल्या काळात हीच पेनकिलर दोन-तीनदा घेतली, काही झालं नाही. त्वचारोगतज्ज्ञांनीही फिक्स्ड ड्रग इरप्शनच लिहिलंय, नागीण नाही म्हणाले. मग नारांजो किती धरायचा?

---

क्लिनिकल_फार्मा:

या उत्तरानं पेनकिलर जवळजवळ सुटली. हाच प्रश्न सगळ्यांत कामाचा होता: मागच्या वेळी काय नव्हतं, आणि चट्टा नसताना काय घेतलं होतं.

आता संयुक्त गोळी हाच एक संशयित धरून मोजू. अशी रिअ‍ॅक्शन आधी नोंदलेली आहे: १. औषधानंतर आली: २. थांबवल्यावर आग आणि सूज उतरली (डाग राहिला तरी): १. दुसरं कारण, म्हणजे नागीण, पेनकिलर, बाजूला पडलं: २. तज्ज्ञानं पाहून नोंदवलं: १. इथवर ७. प्लासिबो (औषध नसलेली खोटी गोळी), रक्तातली पातळी, डोस वाढवल्यावरचा परिणाम या तिघांना शून्य.

खरी गंमत उरलेल्या दोन प्रश्नांत. चौथा विचारतो: पुन्हा दिल्यावर परत आली का? होय असेल तर २. नववा विचारतो: आधी याच किंवा अशाच औषधानं अशी रिअ‍ॅक्शन आली होती का? होय असेल तर १. तुमच्याकडे घटना एकच, मागच्या वर्षीची आणि यंदाची जोडी. चौथ्यात मोजली तर बेरीज ९, 'निश्चित'. नवव्यात मोजली तर ८, 'बहुधा'. दोन्हीकडे मोजली तर १०. ९ आणि वर निश्चित, ५ ते ८ बहुधा, १ ते ४ शक्य, शून्य किंवा खाली संशयास्पद, अशी त्याची पट्टी आहे.

एकाच घटनेचे गुण दोनदा घेणं मला पटत नाही. मी चौथ्यात धरेन, कारण यंदाचा डोस ही अजाणता झालेली री-चॅलेंजच (तेच औषध पुन्हा देऊन पाहणं) आहे. फॉर्ममध्ये मात्र स्कोअर द्यायची गरज नाही, कार्यकारणभाव केंद्रातले लोक ठरवतात, आणि ते सहसा डब्ल्यूएचओ-यूएमसीची (जागतिक आरोग्य संघटना आणि उप्साला केंद्राची) पद्धत वापरतात. तुम्ही 'री-चॅलेंज: होय, नकळत' एवढं स्पष्ट लिहिलं की त्यांचं काम झालं.

आणि ९ आले म्हणून फुशारून जाऊ नका. हे ९ संयुक्त गोळीचे आहेत. आतला ऑफ्लॉक्सासिन की ऑर्निडाझोल, याबद्दल स्कोअर अवाक्षर बोलत नाही. संयुक्त गोळ्यांचा हाच वैताग आहे: माणसाला गरज एकाचीही असेलच असं नाही, आणि रिअ‍ॅक्शन आली की दोन्ही गट बंद करावे लागतात.

---

त्वचा_ओपीडी:

बरोबर. म्हणून पेशंटच्या हातात कार्ड द्या. टेस्ट होईपर्यंत टाळायचं ते: ऑर्निडाझोल, मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल, सेक्निडाझोल, आणि ऑफ्लॉक्सासिन, लेवोफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन. घटकांची नावं लिहा, ब्रँडची नाही. नुसतं 'जुलाबाच्या गोळीची अ‍ॅलर्जी' लिहिलेली कार्डं पाहण्यात येतात, त्यांचा कुणालाच उपयोग नाही. दाताच्या डॉक्टरनं मेट्रोनिडाझोल लिहिलं की पुन्हा तोच चट्टा. साखर पेठेत घरी तेलुगू बोलणारे बरेच, अक्कलकोटच्या बाजूनं येणाऱ्यांत कन्नड. औषधांची नावं इंग्रजीत छापील आणि मराठीत, आणि खाली एक ओळ त्यांच्या भाषेत: 'गोळी घेण्याआधी हे कार्ड दाखवा.' मोबाइलमध्ये कार्डाचा फोटो ठेवायला सांगा, कार्ड धुण्यात जातं.

याच निमित्तानं, दुकानातून थेट कॅज्युअल्टीला कुणाला पाठवायचं ते सांगून ठेवतो. गोळीनंतर मिनिटांत-तासाभरात धाप, आवाज बसणं, ओठ-जीभ सुजणं, चक्कर: १०८ ला फोन. कातडी लाल आणि दुखरी, सोबत ताप, तोंड-डोळे-जननेंद्रिय सोलवटणं, फोड किंवा साल निघणं: स्टीव्हन्स-जॉन्सन (औषधानं होणारा त्वचेचा गंभीर आजार) असू शकतं, औषध सुरू झाल्यापासून साधारण ४ ते २८ दिवसांत. कार्बामाझेपिन, फेनिटोइन, लॅमोट्रिजिन, अ‍ॅलोप्युरिनॉल, को-ट्रायमॉक्साझोल, नेविरापिन चालू असेल तर दुसरा विचार नको. चेहरा सुजलेला, ताप, गाठी, अंगभर पुरळ आणि औषध सुरू करून २ ते ८ आठवडे: ड्रेस सिंड्रोम, यात लिव्हर-किडनी बिघडते. पाळीच्या दुखण्यावर सर्रास विकल्या जाणाऱ्या मेफेनामिक अ‍ॅसिडबद्दल पीव्हीपीआयनं नोव्हेंबर २०२३ मध्ये ड्रेसचाच इशारा दिला होता.

लोक 'कालच गोळी घेतली' ते सांगतात, महिन्यापूर्वी सुरू झालेली फिटची गोळी सांगत नाहीत. दोन महिने मागेपर्यंतची यादी विचारा.

---

किडनी_आणि_औषधं:

सगळे चट्ट्यावर तुटून पडलेत, मला पहिल्या पोस्टमधलं वेगळंच खटकलं. जुलाब लागलेला माणूस, टेल्मिसार्टन + हायड्रोक्लोरोथायझाइड चालू, वर अ‍ॅसिक्लोफेनॅक. चट्ट्यानं हा माणूस दवाखान्यात भरती होणार नाही, यानं होऊ शकतो.

जुलाबानं आणि लघवीच्या औषधानं (इथं हायड्रोक्लोरोथायझाइड) अंगातलं पाणी घटतं. अशा वेळी मूत्रपिंड गाळणीतला दाब दोन युक्त्यांनी टिकवतं: आत येणारी रक्तवाहिनी प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्या रसायनाच्या मदतीनं रुंद ठेवतं, आणि बाहेर जाणारी अँजिओटेन्सिन या दुसऱ्या रसायनाच्या मदतीनं आवळतं. पेनकिलर पहिली युक्ती बंद करते, टेल्मिसार्टन दुसरी. तिन्ही एकत्र आलं की दाब कोसळतो, लघवी कमी होते, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं माप) चढतं, पोटॅशियम वाढू शकतं. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि मागाच्या शेडमध्ये त्याहून जास्त. तिथं जुलाबाचीही गरज नाही, घाम पुरतो.

याला अ‍ॅलर्जी म्हणत नाहीत. औषधाच्या ज्ञात कामातूनच येणारी, आधी सांगता येणारी रिअ‍ॅक्शन आहे, आणि टाळता येण्यासारख्या बहुतेक रिअ‍ॅक्शन्स याच जातीच्या असतात. फिक्स्ड इरप्शन पहिल्या वेळी कुणालाच टाळता आलं नसतं.

काउंटरवर करायचं ते असं. बीपीच्या गोळीवर चालू असलेल्यानं पेनकिलर मागितली तर दोन प्रश्न: जुलाब-उलट्या आहेत का? लघवी रोजच्यापेक्षा कमी किंवा गडद आहे का? एकालाही 'हो' असेल तर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक देऊ नका. तापासाठी-दुखण्यासाठी साधं पॅरासिटामॉल, आणि ओआरएसचं पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट ग्लासात टाकून पिणारे बरेच आहेत, त्यानं मिठाचं प्रमाण बिघडतं. आणि त्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरांना फोन: बीपीची ही गोळी, मेटफॉर्मिन, किंवा साखरेची डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी जुलाब थांबेपर्यंत थांबवायची का. नीट खाणंपिणं सुरू झाल्यावर २४ ते ४८ तासांनी पुन्हा चालू करायची असते. हे डॉक्टरांनी सांगायचं, दुकानदारानं नाही. पण फोन करा हे दुकानदारच सांगू शकतो. थांबवलेली गोळी पुन्हा सुरू करायचीच विसरणं हाही तितकाच मोठा धोका आहे, म्हणून तारीख पाकिटावर लिहून द्या.

टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल नव्यानं सुरू झालं असेल तर क्रिएटिनिन आणि पोटॅशियम सुरू करण्याआधी एकदा आणि नंतर १ ते २ आठवड्यांत एकदा. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत चढलं तर बहुधा औषध चालू ठेवतात. त्याहून वर गेलं तर डॉक्टर कारण शोधतात. दुसरी तपासणी न करणारेच जास्त.

या पेशंटचं क्रिएटिनिन आता करून घ्या. वाढलेलं निघालं तर तो दुसरा, वेगळा एडीआर रिपोर्ट होईल, आणि त्यात संशयित औषधं तीन असतील.

---

साखरपेठ_मेडिकल:

क्रिएटिनिन सांगितलंय, उद्या रिपोर्ट येईल. पहिला फॉर्म आज भरतो. सुट्ट्या गोळ्यांचं काय करायचं? दुकानात चार गोळ्या मागणारा रोज येतो.

---

एडीआर_डेस्क:

पट्टीच्या ज्या टोकाला बॅच आणि मुदत छापलेली असते, ते टोक शेवटपर्यंत राखा, दुसऱ्या बाजूनं कापत या. शेवटचं टोकही विकायची वेळ आलीच तर बॅच बिलावर आधी उतरवा. चार गोळ्यांच्या बिलावरही घटक, मिलिग्रॅम, बॅच, मुदत हवीच. पाकिटावर नुसतं 'जुलाब, सकाळ-संध्याकाळ' लिहून दिलं की पुढच्या माणसाला माग काढता येत नाही.

आणि ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल शेड्यूल एच मध्ये आहे, चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. चार गोळ्या असोत की दहा. अँटिबायोटिकच्या चार गोळ्या मागणाऱ्याला तसंही बहुतेक वेळा ओआरएस पुरतं. शौचातून रक्त, जोराचा ताप, किंवा लघवी बंद असेल तर त्याला डॉक्टर लागतो, तुमच्या चार गोळ्या नाहीत. लेवोफ्लॉक्सासिन, सेफिक्झिमसारखी औषधं शेड्यूल एच१ मधली, त्यांची वेगळी नोंदवही लागते: डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, आणि ती तीन वर्षं ठेवायची असते. रिअ‍ॅक्शनची केस आली की तारखा शोधायला पहिली हीच वही उघडायची.

फॉर्म भरल्यावर निकालाच्या रकान्यात 'बरा झाला' लिहू नका. डाग महिनोन्‌महिने राहतो, सध्या 'बरा होतोय' हेच खरं. क्रिएटिनिन आलं की इथं टाका.